एक स्टॉप जास्त

अण्णांनी आपल्या मुलीचा एकच फोटो चुकीचा काढला आणि त्याच फोटोवर तिचं लग्न जमलं.

चुकीचा म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं; कारण अण्णांच्या मते सोलापुरात छापून येणारे बहुतेक फोटो चुकीचेच असत. ते आमच्या दैनिकाचे मुख्य छायाचित्रकार होते. हाताखाली कोणीही नव्हतं, पण पद मुख्य होतं आणि ओळख करून देताना ते हा शब्द गाळत नसत. मी बातमीदार म्हणून लागलो तेव्हा ते पन्नाशीत होते. उंच, खांद्यात थोडे वाकलेले, रंगानं काळे, आवाज खरखरीत. घरी कानडी, कार्यालयात मराठी आणि कॅमेऱ्याशी बोलताना दोन्ही. सगळं कार्यालय त्यांना अण्णा म्हणे. आवडत ते फार थोड्यांना.

त्यांच्या मोटारसायकलवर मागं बसलेल्या प्रत्येक बातमीदाराला एक गोष्ट माहीत होती. अण्णा गाडी चालवताना आकडे बोलत. उन्हात आलं की "पाचशेला अकरा". झाडाखाली शिरलं की "एकशेपंचवीसला आठ". पहिला आकडा शटरच्या वेगाचा, दुसरा भिंगाचं तोंड किती उघडायचं त्याचा. कॅमेरा पिशवीत असला तरी डोळ्यांसमोरच्या उजेडाचा हिशेब त्यांच्या तोंडात चालू असे. नवी पेठेत दर दुकानापुढं कापडी छपरी असते, त्यामुळं तिथं उजेड पावलापावलाला बदलतो. तिथून जाताना त्यांच्या तोंडाला उसंत नसे, आणि हॉर्न वाजवायचं राहून जाई. पायी चालणारे शिव्या देत. अण्णा पुढचा आकडा बोलत.

दुसऱ्याच्या घरी गेले की ते आधी ट्यूब बंद करत. खिडकीचा उजेड आणि ट्यूबचा उजेड एकमेकांत मिसळलेला त्यांना सहन होत नसे. एका सहकाऱ्याचे वडील गेले, तेव्हा आम्ही भेटायला गेलो होतो. अण्णांनी दारात चपला काढल्या, सरळ भिंतीपाशी गेले आणि बटण दाबलं. खोलीतल्या रडणाऱ्या बायका दचकून गप्प झाल्या. अण्णा सतरंजीवर बसले आणि सहकाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आता बरं दिसतंय." त्या घरातल्या लोकांनी त्यांना पुन्हा कधी बोलावलं नाही.

डिजिटल कॅमेऱ्याच्या डोक्यावर एक चकती असते. ती ऑटोवर ठेवली की कॅमेरा स्वतः उजेड मोजतो आणि किती आत घ्यायचा ते ठरवतो. मॅन्युअलवर, म्हणजे एमवर ठेवली, तर ते माणसाला ठरवावं लागतं. अण्णांचा कॅमेरा कायम एमवर असे. कुणी तो नेला आणि ऑटोवर करून परत आणला, तर आपला दात घासायचा ब्रश दुसऱ्यानं वापरल्यासारखा चेहरा करून ते तो घेत आणि कापडानं पुसत.

मला कॅमेरा शिकवताना त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "ऑटोवर फोटो बिघडला तर कॅमेऱ्यानं बिघडवला. एमवर बिघडला तर तू बिघडवलास. लोकांना हेच नको असतंय, म्हणून लोक ऑटोवर काढतेत."

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात आम्ही पुरवणीसाठी गेलो होतो. पांढऱ्या टॉवेलांचा माणसापेक्षा उंच ढीग आणि त्याच्यापुढं घड्या घालणारी एक बाई. अण्णांनी कॅमेरा माझ्या हातात दिला, चकती स्वतः ऑटोवर फिरवली आणि म्हणाले, "काढ की. बघू तुझं यंत्र काय म्हणतंय." मी काढला. टॉवेल करड्या रंगाचे आले. बाईच्या तोंडाच्या जागी एक काळा डाग आला.

कारखान्याचे मालक शेजारी होते. त्यांनी पडद्यावर पाहून तक्रार केली की माल मळका दिसतोय. बाईबद्दल ते काही बोलले नाहीत.

अण्णांनी कॅमेरा घेतला, चकती एमवर नेली आणि त्या बाईच्या इतके जवळ गेले की ती मागं सरकली. तिच्या गालावरचा उजेड मोजून ते मागं आले आणि फोटो काढला. आता टॉवेल पांढरे होते आणि बाई बाईसारखी होती. परतताना त्यांनी मला कारण समजावलं. कॅमेऱ्याला सगळं जग मध्यम रंगाचं वाटतं. पांढरं जास्त दिसलं की तो ते दाबून मध्यम करतो, काळं जास्त दिसलं की उचलून मध्यम करतो. पांढऱ्यापुढं काळा माणूस उभा राहिला की पांढऱ्याला दाबताना माणूसही दाबला जातो. म्हणून मोजायचं ते माणसावर.

पण त्या दिवशी ते खूश नव्हते. निघताना त्यांनी तो फोटो हौसेनं त्या बाईला दाखवला होता. तिनं पदर सावरत पाहिला आणि म्हणाली, "मघाचा बरा हुता की. त्यात तोंडच दिसत नव्हतं."

कार्यालयात त्यांचं भांडण पानं लावणाऱ्या ऑपरेटरशी असे. वर्तमानपत्राचा कागद शाई पितो, फोटो छापल्यावर आणखी गडद होतो. त्यामुळं पान सोडण्याआधी ऑपरेटर सगळे फोटो संगणकावर थोडे उजळ करी, आणि चेहरे आले की त्याचा हात आणखी पुढं जाई. पुढाऱ्यांना ते आवडे, संपादकांनाही चाले. अण्णा त्याच्या खुर्चीमागं उभे राहत.

"कागदासाठी काय करायचं ते कर," ते म्हणत. "तोंडासाठी करू नको."

ऑपरेटर एका विणकर कुटुंबातला, शांत माणूस होता. "अण्णा, लोकांना गोरं झालेलं आवडतंय. तुमचं काय जातंय?"

अण्णांचं म्हणणं असं होतं की फोटो बटण दाबतानाच होतो. उजेड किती घ्यायचा हे त्या क्षणी माणसानं आपल्या हातानं ठरवायचं, आणि मग त्याला हात लावायचा नाही. नंतर संगणकावर जे केलं जातं ते सगळं खोटं. कॅमेऱ्यात झालं ते खरं, संगणकावर झालं ते खोटं, इतकी सरळ रेघ त्यांनी ओढली होती. ही रेघ त्यांना फार सोयीची वाटे. ती किती महागात पडू शकते, हे आम्हाला कुणालाच दिसलं नव्हतं, त्यांना तर नाहीच.

खरं तर एकदा दिसायला हरकत नव्हती. त्या काळात सुट्टीच्या दिवशी ते लग्नांची कामं घेत. वैरागच्या एका लग्नाचा अल्बम दिल्यावर आठवडाभरात नवरीचा भाऊ तो अल्बम काखेत धरून कार्यालयात आला. शेतातून थेट आल्यासारखा दिसत होता. टेबलाशी उभा राहून त्यानं अल्बम उघडला.

"सायेब, आमची ताई लई काळी आलीया हितं."

"हायेत तशा आल्यात."

"व्हय, पर तिच्या सासरी समदी बघनार की. जरा उजळ करून द्या. बाकीची मान्सं बरी आलीत बगा."

"बाकीची पण हायेत तशीच आलीत," अण्णा म्हणाले आणि कॅमेऱ्याचं भिंग पुसू लागले.

तो बराच वेळ उभा राहिला. आवाज चढवला नाही. शेवटी अल्बम तिथंच टेबलावर सोडून गेला. त्यानंतर अण्णांनी लग्नं घेणं बंद केलं. हा किस्सा ते पुढं वर्षानुवर्षं सांगत, आणि त्यात आपण कसे बधलो नाही हे असे. त्या मुलीचं सासरी काय झालं, ते त्यांनी कधी विचारलं नाही.

अण्णांना एकच मुलगी. भाग्यश्री. रंगानं वडिलांवर गेलेली. नवीन भिंग आलं, नवीन कॅमेरा आला की तिला बाहेरच्या खोलीत खिडकीपाशी स्टुलावर बसवायचं, ही त्या घरातली पद्धत होती. ती तीन वर्षांची असल्यापासून तशी बसत आली होती. अण्णा तिच्या गालावर उजेड मोजत. त्यांचं म्हणणं होतं की कॅमेरा ज्या मध्यम रंगावर बेतलेला असतो, तो नेमका हिचा रंग आहे.

ती शाळेत असताना वर्गातल्या मुलींनी तिला डांबर म्हणायला सुरुवात केली. एके दिवशी ती रडत घरी आली. काकूंनी, म्हणजे तिच्या आईनं, हळद आणि साय लावायचा उपाय काढला. अण्णांनी तिला स्टुलावर बसवलं, शेजारच्या गोऱ्या मुलीला बोलावून तिच्या बाजूला बसवलं आणि दोघींच्या गालांवर मोजून दाखवलं. गोऱ्या मुलीचा फोटो कॅमेऱ्याच्या मोजमापानं काढला तर ती मळकट येते. तिच्यासाठी उजेड दुप्पट करावा लागतो. छायाचित्रकार त्याला एक स्टॉप म्हणतात.

"तिला एक स्टॉप जास्त द्यावा लागतोय," अण्णांनी मुलीला सांगितलं. "तुला कायबी द्यावं लागत न्हाई."

हे मला भाग्यश्रीनंच सांगितलं, कॉलेजात असताना, हसत हसत. तिनं ते दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन सांगितलं होतं. मुलींना काही कळलं नाही, पण तिला कळलं होतं. पुढं ती औषधनिर्माणशास्त्र शिकली आणि शहराबाहेरच्या एका फार्मसी कॉलेजात शिकवू लागली. नात्यातल्या प्रत्येक समारंभात फोटोच्या वेळी इतर काळ्या मुली मागच्या रांगेत जात. ती पुढं उभी राहत असे.

मग स्थळं बघायला सुरुवात झाली. बायोडाटाबरोबर जायचा तो फोटो अर्थातच अण्णांनी काढलेला होता. खिडकीपाशी, एमवर, आहे तसा. तो मोबाइलवरून मुलांच्या घरी जाई आणि दोन-चार दिवसांनी नकार येई. पत्रिका जुळत नाही, असं ज्यांनी पत्रिका मागितलीच नव्हती त्यांनीही कळवलं. अण्णांची बहीण जिभेनं तिखट होती. ती एकदा भर जेवणाच्या पंगतीत म्हणाली, "दादा, तू पोरीचा फोटो पाठवायलास का पुरावा पाठवायलास?"

सगळे हसले. भाग्यश्रीही हसली. नकारांचं तिला दुःख नव्हतं असं मी म्हणणार नाही, पण तिचं मत पक्कं होतं आणि ते तिनं आईला माझ्यासमोर सांगितलं होतं. रंगावरून नको म्हणणारा फोटो बघूनच नको म्हणालेला बरा. घरी येऊन पोहे खाऊन नको म्हणण्यापेक्षा ते स्वस्तात सुटतं. तिला लग्न करायचं होतं. फक्त आपण जशा आहोत तशा फोटोवर व्हावं, एवढंच तिचं मागणं होतं. अण्णा तिचं हे वाक्य कार्यालयात येऊन अभिमानानं सांगत. ऑपरेटर मान हलवून म्हणे, "पोरगी तुमच्यासारखीच हाय, अण्णा. देव तिचं भलं करो."

वर्षं गेली. मुलगी तिशीला आली. काकूंनी दुसऱ्यांच्या लग्नांना जाणं सोडून दिलं, कारण तिथं प्रत्येक नमस्कारानंतर एकच प्रश्न येई. त्यांना रक्तदाबाच्या गोळ्या सुरू झाल्या. याच सुमारास अक्कलकोटच्या एका घरातलं स्थळ आलं. मुलगा पुण्याला कंपनीत, घर आपल्यातलंच, माणसं बोलायला बरी. भाग्यश्रीच्या मामांनी मध्यस्थी केली आणि एकच अट घातली. जुना फोटो पाठवायचा नाही. नवी पेठेतल्या एका स्टुडिओत जाऊन चांगला काढून घ्यायचा. तिथं मुली कशा येतात, ते त्यांनी मोबाइलवर दाखवलंसुद्धा. सगळ्या एकाच आईच्या पोटच्या वाटत होत्या.

अण्णा म्हणाले, स्टुडिओत माझी मुलगी जाणार नाही. तेव्हा काकू बोलल्या. नवऱ्याच्या कामाबद्दल त्या बाईंनी कधी एक शब्द काढलेला मी ऐकला नव्हता.

"तुमचा नियम तुमच्यापाशी ठेवा," त्या म्हणाल्या. "पोरगी माझ्यापाशी राहायलीय."

पुढच्या रविवारी सकाळी मी फोटोंचं कार्ड आणायला त्यांच्या घरी गेलो, तेव्हा भाग्यश्री हिरवी साडी नेसून खिडकीपाशी स्टुलावर बसलेली होती. साडी हलू नये म्हणून पंखा बंद होता. नेहमीसारखाच फोटो काढायचाय, असं तिला वाटत होतं. वडिलांनी स्टुडिओला नाही म्हटलं, याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर दिसत होता.

अण्णांनी तिच्या गालावर मोजलं. एक फोटो काढला. पडद्यावर पाहिला. बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांचा अंगठा कॅमेऱ्याच्या मागच्या चाकावर गेला. या चाकाची प्रत्येक खाच ओलांडताना बारीक आवाज होतो, आणि तीन खाचा म्हणजे एक स्टॉप. एरवी हा आवाज ऐकू येत नाही. पण त्या खोलीत पंखा बंद होता.

चाक तीनदा वाजलं.

मला ऐकू आलं, म्हणजे तिला आलंच असणार. ती या आवाजात वाढली होती. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, जिथल्या तिथं थांबलं. अण्णांनी बटण दाबलं.

"झालं?" तिनं विचारलं.

"झालं."

ती उठली, स्टूल जागेवर ठेवलं आणि साडी बदलायला आत गेली.

खाली गाडीपाशी आल्यावर अण्णा मी न विचारताच बोलले. ऑपरेटरला सांगितलं असतं तर त्यानं दोन मिनिटांत करून दिलं असतं, हे त्यांना माहीत होतं. पण ते संगणकावरचं झालं असतं. "हे कॅमेऱ्यातलं हाय," ते म्हणाले. "ह्यात खोटं कायबी न्हाई." त्यांना ते मनापासून वाटत होतं. ऑपरेटरनं केलं असतं तर मुलीला कळलंही नसतं, किंवा कळलं असतं तरी दोष त्याच्यावर गेला असता. अण्णांनी ते प्रामाणिकपणे करायचं ठरवलं, म्हणून तिच्यासमोर केलं.

स्थळ पुढं सरकलं. बघायला आले तेव्हाची हकीकत काकूंनी मला सांगितली. मुलाची आई सोफ्यावर बसली, तिनं पर्समधून मोबाइल काढला, फोटो पाहिला, भाग्यश्रीकडं पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. मग ती अण्णांकडं वळून गोड आवाजात म्हणाली, "फोटो छान काढता हो तुम्ही." अण्णा फरशीकडं बघत होते. मुलगा सरळ होता. तो गच्चीत जाऊन भाग्यश्रीशी अर्धा तास बोलला आणि त्यानं होकार दिला. इतकं पुढं आल्यावर त्याच्या आईला मागं फिरता आलं नाही. तिनं ते कधी विसरूही दिलं नाही.

लग्नाचे फोटो काढायला भाग्यश्रीनं नवी पेठेतला तोच स्टुडिओ ठरवला. अण्णांना ते ठाऊक होतं. तरी ते नवीन धोतर, जाकीट आणि खांद्याला कॅमेरा अशा थाटात मंगल कार्यालयात आले. मी त्यांच्याबरोबरच होतो. नवरीच्या खोलीचं दार उघडं होतं. आरशासमोर भाग्यश्री बसलेली, ब्युटी पार्लरची बाई तिच्या चेहऱ्याला काहीतरी लावत होती, आजूबाजूला नात्यातल्या बायका. अण्णांनी दारातूनच कॅमेरा डोळ्याला लावला.

आरशात बघूनच ती वडिलांना म्हणाली, "अप्पा, कॅमेरा ठेवा."

"अगं, बापाला तरी काढू दे की," आत्या म्हणाली. "एवढा मोठा फोटोग्राफर घरात असताना..."

"ठेवा, अप्पा."

अण्णांनी कॅमेरा खाली घेतला. दारातल्या बायका बाजूला झाल्या. त्यांनी काहीतरी बोलायलाच हवं होतं, आणि त्यांना फक्त एकच भाषा येत होती.

"एकच स्टॉप हुता," ते म्हणाले.

"माहितेय. ऐकला मी." तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "मला स्टुडिओत पाठवलं असतंत तरी चाललं असतं. तो सगळ्यांनाच गोरं करतो. तुम्ही आयुष्यात कुणालाच केलं नाही. मला केलंत."

पार्लरच्या बाईचा हात थांबला होता. भाग्यश्रीनं तिला मानेनंच खूण केली, आणि ती तिच्या रंगापेक्षा दोन छटा उजळ असलेला लेप पुन्हा गालांवर पसरू लागली.

अण्णांनी कॅमेऱ्याचा पट्टा खांद्यावरून काढला आणि कॅमेरा माझ्याकडं दिला. अक्षता पडेपर्यंत तो माझ्या मांडीवर होता. ते पहिल्या रांगेत बसले होते. समोर स्टुडिओची दोन मुलं मोठे दिवे लावून धडाधड फोटो काढत होती.

नंतर दैनिकाच्या कार्यालयात अशी कथा पसरली की त्या दिवसापासून अण्णा ऑटोवर गेले. तसं काही घडलं नाही. निवृत्त होईपर्यंत त्यांचा कॅमेरा एमवरच होता आणि फोटो पूर्वीइतकेच बरोबर येत होते. फक्त ऑपरेटरच्या खुर्चीमागं उभं राहणं त्यांनी बंद केलं. ऑपरेटर चेहरे उजळ करत राहिला. पूर्वीही करत होताच.

पुण्याच्या घरी पाहुणे आले की भाग्यश्रीच्या सासूबाई एक विनोद सांगत. फोटोग्राफरची मुलगी करायची तर आधी दुकानात जाऊन माल बघून यावं, असा काहीसा. पाहुणे हसत, भाग्यश्री चहा देत असे. हे तिनं आईला एकदाच सांगितलं, काकूंनी मला सांगितलं, आणि अण्णांना कुणी सांगितलं नाही. पण दोन खोल्यांच्या घरात न सांगितलेलंही ऐकू जातं.

ती माहेरी येई, राही, वडिलांच्या औषधांच्या वेळा बघे, त्यांच्याशी नीट बोले. फोटोचा विषय मात्र त्या घरात निघत नसे. भिंतीवर तिच्या लहानपणापासूनचे फोटो तसेच होते. त्यातला शेवटचा ती कॉलेजात शिकवायला लागली तेव्हाचा.

पहिल्या बाळंतपणाला ती सोलापूरला आली. मुलगी झाली. बारशाच्या आधी एका दुपारी मी झबलं-टोपडं घेऊन गेलो. काकू स्वयंपाकघरात होत्या. अण्णा खुर्चीत बसले होते. निवृत्तीनंतर फार वाळले होते. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ कॉटवर होतं आणि दिसायला हुबेहूब आपल्या आईसारखं, म्हणजे आजोबांसारखं होतं.

सासरच्या ग्रुपवर सकाळपासून मागणी चालली होती. दवाखान्यातले फोटो नीट आले नव्हते, त्यात बाळाचा रंग कळत नव्हता, असं सासूबाईंचं म्हणणं होतं. भाग्यश्रीनं बाळाच्या कपाळावरचं टोपडं मागं सारलं.

अण्णा खुर्चीतून थोडे पुढं झाले. "मी काढू का?"

"नको, अप्पा. फोन काढतो सगळं."

ती रागानं बोलली नव्हती. बाळंतपणात आलेल्या थकव्यानंच बोलली असेल. तिनं फोन बाळावर धरला आणि बोट टेकवलं. हल्लीचे फोन फोटो काढल्यावर क्षणभर थांबतात आणि आपल्या मनानं काय करायचं ते करून मग दाखवतात. तिनं तो मला दाखवला. पडद्यावरचं बाळ गव्हाळ होतं, गाल गुलाबी, त्वचेवर एक डाग नाही. कॉटवरचं बाळ त्याच्या शेजारीच झोपलेलं होतं.

भाग्यश्रीनं फोटो थोडा वेळ पाहिला. दुसरा काढला नाही. तोच ग्रुपवर टाकला.

काकू हात पुसत बाहेर आल्या तेवढ्यात सासूबाईंचं उत्तर आलं. भाग्यश्रीनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. बातमी वाचावी तितक्या सपाट आवाजात.

"रंग आमच्याकडचा घेतला हो, देवाची कृपा."

"चला, बरं झालं," काकू म्हणाल्या.

अण्णांनी फोटो बघायला मागितला नाही. भाग्यश्रीनं फोन कॉटवर उपडा ठेवला, बाळाला उचललं आणि पाजायला आतल्या खोलीत घेऊन गेली.